सायलेन्सर सफाई

माझ्या गॅरेजच्या जुन्या डायऱ्यांत अकरा ठिकाणी 'सायलेन्सर सफाई' असं लिहिलेलं आहे. त्यांतल्या एकाही गाडीचा सायलेन्सर मी साफ केला नव्हता. सायलेन्सरच्या आधी एक्झॉस्टच्या नळीत एक डबा असतो. इंजिनिअर त्याला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणतात, ड्रायव्हर 'कॅट' म्हणतात आणि आमची पोरं 'जाळी'. तो डबा कापायचा, आतली जाळी सळईने फोडून काढायची आणि रिकामा डबा वेल्डिंग करून पुन्हा जागेवर बसवायचा, असं ते काम होतं. खाली वाकून बघणाऱ्यालाही कळू नये म्हणून वेल्डिंगच्या रेघेवर काळा रंग मारायचो. डायरीत खरं का लिहिलं नाही, याचं उत्तर तेव्हाही माझ्याकडे होतं. ते काम लिहिण्यासारखं नाही हे मला ठाऊक होतं.

नाशिकच्या आडगाव ट्रक टर्मिनलकडून पिंपळगावच्या दिशेने निघालं की मुंबई-आग्रा रस्त्याला लागून गॅरेजांची ओळ लागते. माझं पत्र्याचं शेड त्याच ओळीत आहे. 1989 साली, सोळा वर्षांचा असताना, मी याच रस्त्यावर उस्तादांच्या हाताखाली पाना धरला. तेव्हाच्या गाड्यांत तार नाही, सेन्सर नाही. इंजिनाला डिझेल किती जायचं ते पंपावरचा एक स्क्रू ठरवायचा आणि त्या स्क्रूला कारखान्यातून शिशाचं सील लागून यायचं. मालक यायचा आणि म्हणायचा, "उस्ताद, गाडी ओढत नाही." उस्ताद सील तोडायचे, स्क्रू अर्धा आटा आत घ्यायचे आणि गाडी सुरू करून रेस द्यायचे. मागून काळाकुट्ट लोट निघाला की मालकाचा चेहरा खुलायचा. धूर निघतो म्हणजे गाडीत दम आहे, हे आम्ही इतक्या वेळा ऐकलं आणि म्हटलं, की तो शास्त्राचा नियमच असावा असं वाटायला लागलं. तो काळा लोट म्हणजे पैसे देऊन भरलेलं, पुरतं न जळताच बाहेर पडलेलं डिझेल, हे मला कळायला फार वर्षं लागली.

ही जुनी गोष्ट सांगतोय कारण कॅट फोडण्याचं मूळ तिथेच आहे. सील तोडलं की ताकद वाढते, हे माझ्या हातांनी शिकलेलं होतं. नवीन गाड्या आल्या तेव्हा हात त्यांच्यातही सीलच शोधत होते.

1 एप्रिल 2017 पासून देशभर धुराच्या बीएस-फोर नियमांच्या गाड्या सक्तीच्या झाल्या. त्यानंतर वर्षभराने एक सात टनी गाडी माझ्याकडे आली. गाडीचा मालक माझा जुना गिऱ्हाईक, चांदवडकडचा. टोमॅटोच्या हंगामात पिंपळगावहून वाशीला माल न्यायचा आणि परतीला भिवंडीच्या गोदामांतून मिळेल तो माल भरून आणायचा. उतरताना तक्रार नव्हती. चढताना कसाऱ्याच्या घाटात गाडी धाप टाकायची. ड्रायव्हर म्हणाला, "पहिल्यात टाकली तरी रडते, मिस्त्री. मागचे लोक हॉर्न वाजवून जीव घेतात."

मी एअर फिल्टर पाहिला, डिझेल फिल्टर बदलला. फरक नाही. मग आमच्यात सगळे करतात तेच केलं. कॅटच्या आधीची फ्लँज ढिली केली आणि गाडी विल्होळीच्या चढावर नेली. आवाज कान फोडणारा, पण गाडी अशी ओढायला लागली की ड्रायव्हर हसायलाच लागला. कॅट चोक आहे, हे सिद्ध झालं. कंपनीचा नवीन कॅट किती रुपयांचा, हे विचारून मालकाने फोन ठेवला आणि दहा मिनिटांनी परत केला. "फोडून टाका ना, भाऊ. सगळे फोडतात."

जाळी फोडताना पाहिली नसेल तर सांगतो. ती चिनी मातीसारख्या सिरॅमिकची असते. मधाच्या पोळ्यासारखी, फक्त घरं चौकोनी आणि इतकी बारीक की एका चौरस इंचात चारशेच्या आसपास मावतात. घरांच्या भिंतींवर प्लॅटिनम आणि पॅलेडियम यांचा डोळ्याला न दिसणारा थर असतो. धूर त्या घरांतून जाताना कार्बन मोनॉक्साइडचं आणि न जळलेल्या डिझेलच्या वाफेचं कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होतं. सळईचा पहिला घाव बसला की काच फुटल्यासारखा आवाज होतो आणि मग करड्या रंगाची भुकटी उडते. जाळीभोवती तंतूंची गादी गुंडाळलेली असते. तिचे धागे हाताला खाजतात, घशात टोचतात. त्या दिवशी सळई माझ्या पोऱ्याच्या हातात होती. तोंडाला फडकं बांधलेलं होतं. पण ते फडकं गॅरेजमधलं, त्याने काय अडणार? तो दोन दिवस खोकत होता. मी त्याला गूळ खायला दिला.

संध्याकाळी भंगारवाला आला आणि फुटक्या जाळीचे तुकडे तराजूत घालून घेऊन गेला. पितळेलाही देत नाही असा भाव त्याने दिला. तेव्हा तरी मनात यायला हवं होतं, की ज्या वस्तूचा चुराही इतका महाग, ती वस्तू कोणीतरी काही विचार करूनच बसवली असेल.

पंधरा दिवस मालक खूश होता. त्याने आणखी दोन गाड्या पाठवल्या. तीन महिन्यांनी ड्रायव्हरचा घाटातून फोन आला. निळसर-पांढरा धूर, मग मोठा आवाज, मग इंजिन जाम. गाडी टो करून आणली. टर्बोचा शाफ्ट तुटलेला होता आणि इंजिनातलं जवळजवळ सगळं ऑइल टर्बोमधून एक्झॉस्टच्या नळीत गेलेलं होतं. मेन बेअरिंगं धरली होती. इंजिन खोलून टेबलावर मांडलं तेव्हा मला सगळं उलट्या क्रमाने दिसायला लागलं. टर्बोचं ऑइल सील आधीपासून गळत होतं. गळणारं ऑइल गरम नळीत जळत होतं, त्याची राख आणि काजळी जाळीच्या घरांत बसत होती आणि जाळी चोक झाली होती. जाळी चोक झाली म्हणून गाडी ओढत नव्हती. म्हणजे ती जाळी मला काहीतरी सांगत होती. मी तिलाच फोडलं. वाट मोकळी झाल्यावर ऑइल विनाअडथळा बाहेर जात राहिलं, ड्रायव्हर दर आठवड्याला लिटर-लिटर टॉप-अप करत राहिला आणि कोणाला काहीच कळलं नाही.

मालकाला मी सांगितलं, टर्बोचं आयुष्य संपलं होतं. तो म्हणाला, "जाऊ दे, नशीब." अर्ध्या इंजिनाचा खर्च त्याने केला. मी मजुरी थोडी कमी लावली आणि गप्प राहिलो.

त्यानंतरही मी लगेच थांबलो नाही. अकरापैकी चार गाड्या त्या इंजिननंतरच्या आहेत. पण हात पूर्वीसारखा सरळ जाईना. मी एक प्रेशर गेज आणला आणि जाळी फोडण्याआधी प्रत्येक गाडीचं बॅकप्रेशर मोजायला लागलो, एक्झॉस्टची हवा मागे किती ढकलते ते. मोजलं की गोष्टी वेगळ्या दिसायला लागतात. जाळी धडधाकट असेल तर तिचा अडथळा इतका थोडा असतो, की ती काढून मिळणारी ताकद फार तर शेकड्यात एक-दोन. लोडेड गाडीत ती ड्रायव्हरच्या पायालाही कळत नाही. आवाज मात्र मोकळा होतो आणि कान त्या आवाजालाच ताकद समजतो. खरोखर ताकद वाढलेली असते ती दोनच वेळा: जाळी भरलेली होती तेव्हा, किंवा लॅपटॉपवाल्याने इंजिनाच्या कॉम्प्युटरचं मॅपिंग बदलून डिझेल वाढवलं तेव्हा. ताकद डिझेल आणि हवा यांच्यातूनच येते, रिकाम्या डब्यातून येत नाही. उस्तादांचा स्क्रू आणि आजचा लॅपटॉप यांत त्या अर्थी काही फरक नाही.

आणि भरलेली जाळी कधीच आपोआप भरत नाही. ठिबकणारा इंजेक्टर, इंटरकूलरच्या होजला पडलेली चीर, अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह, जास्त राखेचं स्वस्त ऑइल, भेसळीचं डिझेल. यांतलं एक तरी सापडतंच. शोधायला अर्धा दिवस लागतो. फोडायला पाऊण तास लागतो.

मग 2020 आलं. बीएस-फाइव्ह मध्ये न घेता देश थेट बीएस-सिक्सवर गेला आणि ट्रकच्या बाजूला लोंबणाऱ्या त्या एका डब्याची जवळजवळ एक रासायनिक फॅक्टरी झाली. आधी वायू आणि डिझेलची वाफ जाळणारी जाळी, मग डीपीएफ म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर, मग एससीआर. एससीआरमध्ये युरियाचं पाणी फवारलं जातं, गरम धुरात त्याचा अमोनिया होतो आणि तो अमोनिया नायट्रोजनच्या विषारी ऑक्साइडचं साधं नायट्रोजन आणि पाणी करतो. हवेतच शंभरात अठ्ठ्याहत्तर भाग नायट्रोजन आहे. म्हणजे विष हवेतल्या हवेत परत जातं. मला हे पहिल्यांदा समजलं त्या रात्री नीट झोप लागली नव्हती. एवढं सुंदर काम त्या डब्यात चालतं आणि मी त्याच्याकडे चोकअपचं भांडं म्हणून बघत होतो.

हे डबे चालावेत म्हणून डिझेलसुद्धा बदलावं लागलं. गंधक जाळीला मारतो. बीएस-थ्रीच्या डिझेलमध्ये दहा लाखांत 350 भाग गंधक चालायचा, बीएस-फोरला 50 आणि बीएस-सिक्सला 10. पेट्रोलच्या वेळीही असंच झालं होतं. 1995 साली चार महानगरांत नव्या गाड्यांना कॅट सक्तीचा झाला तेव्हा बिनशिशाचं पेट्रोलही त्याच वेळी आणावं लागलं, कारण शिसं त्या थराला कायमचं निकामी करतं. देशातल्या रिफायनऱ्या ज्या जाळीसाठी बदलल्या, तिच्यात आम्ही सळई घालत होतो.

बीएस-सिक्समध्ये नवीन धंदा आला तो युरिया बायपासचा. तारांमध्ये एक लहान डबी जोडतात. ती इंजिनाच्या कॉम्प्युटरला सांगत राहते, की युरिया फवारला जातोय, सगळं ठीक आहे. प्रत्यक्षात पंप बंद असतो. शंभर लिटर डिझेलमागे चार-पाच लिटर युरियाचं पाणी लागतं, ते वाचतं. वाचवायची दुसरी तऱ्हा आमच्या भागात जास्त, कारण इथे घरोघर शेती आहे: शेतातल्या 45 किलोच्या गोणीतला युरिया बोअरच्या पाण्यात कालवून टाकीत ओतायचा. ट्रकच्या युरियाचं प्रमाण 32.5 टक्के ठरलेलं, पाणी क्षारमुक्त केलेलं. शेतीच्या युरियाला 2015 पासून सगळीकडे कडुलिंबाच्या तेलाचा लेप सक्तीचा आहे. पिकाला तो चांगलाच. पण ते तेल आणि बोअरचे क्षार इंजेक्टरच्या तोंडाशी पांढऱ्या दगडासारखे साचतात. मी स्क्रूड्रायव्हरने टोकरून काढले आहेत. मग लाइट पेटते, कॉम्प्युटर आधी ताकद कापतो आणि तरीही दुर्लक्ष केलं तर गाडी ताशी 20 किलोमीटरवर आणून ठेवतो. ड्रायव्हर येतो आणि म्हणतो, "गाडी ओढत नाही. ह्या युरियाची भानगडच काढून टाका."

बायपास केलेल्या गाडीला धूर दिसत नाही, हे यातलं सगळ्यात वाईट. पीयूसीच्या केंद्रावर डिझेल गाडीच्या धुराचा काळेपणा मोजतात. नायट्रोजनचे ऑक्साइड तिथे मोजलेच जात नाहीत, त्यामुळे गाडी हसत पास होते. मोठ्या इंजिनाला बीएस-फोरमध्ये या ऑक्साइडची मर्यादा दर किलोवॅट-तासाला 3.5 ग्रॅम होती, बीएस-सिक्समध्ये ती 0.4 झाली. त्यातही नवीन इंजिनं मुद्दाम जास्त उष्ण जळतात, डिझेल वाचावं म्हणून, कारण पुढे एससीआर सांभाळून घेणार हे गृहीत असतं. ते बंद केलं की ही नवी गाडी जुन्या गाडीपेक्षा वाईट ठरू शकते. बाहेर पडलेले हे ऑक्साइड उन्हात ओझोन तयार करायला मदत करतात आणि जमिनीलगतचा ओझोन माणसाच्या छातीला सोसत नाही, पिकाच्या पानालाही सोसत नाही. आमच्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना द्राक्षबागा आहेत.

कायद्याने हे सगळं बंद आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीच्या रचनेत असा बदल करता येत नाही आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर मालकाला एका बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पण माझ्या ओळीत दंडाच्या भीतीने कोणी थांबलेलं मी पाहिलं नाही. मीही थांबलो नव्हतो.

मी थांबलो तो एका डीपीएफवर. चौदा चाकी गाडी, फिल्टर शंभर टक्के भरलेला, मालक माझ्यासमोर उभा. म्हणाला, "रिकामा करा आणि मॅपिंगवाल्याला बोलवा. रोख देतो." मी त्याच्याकडे दोन दिवस मागितले. फिल्टरमध्ये काजळी साचली की गाडी स्वतःच ती साधारण 600 अंशाला जाळून टाकते, त्याला रिजनरेशन म्हणतात. स्कॅनर लावला तर दिसलं, गेल्या महिन्यात ते चौदा वेळा सुरू झालं आणि एकदाही पुरं झालं नाही. ड्रायव्हरला शेजारी बसवून चहा पाजला. बिचारा खरं बोलला. कांद्याच्या लिलावाच्या रांगेत रात्र रात्र गाडी उभी, केबिनचा पंखा आणि मोबाइल चालावा म्हणून इंजिन चालूच. रिजनरेशन सुरू झालं की सायलेन्सर तापतो. शेजारी गोणपाट, पाचट, कांद्याची साल. आग लागेल या भीतीने तो बटण दाबून बंद करायचा. त्याची भीती खोटी नव्हती. फक्त, मोकळ्या रस्त्यावर आल्यावर ते परत सुरू करायचं असतं हे त्याला कोणीच सांगितलं नव्हतं. गाडी विकणाऱ्याने मालकाला माहितीपत्रक दिलं होतं, ते इंग्रजीत होतं आणि मालकाच्या घरी कपाटात होतं.

दोन इंजेक्टर गळत होते, ते बदलले. ऑइल कमी राखेचं टाकलं. फिल्टर उतरवून नाशिकमध्येच भट्टीत आणि हवेच्या झोताने साफ करून घेतला. बिल बायपासपेक्षा जास्त झालं आणि मालक माझ्यावर रागावला. ड्रायव्हरसाठी मी एका पुठ्ठ्यावर मराठीत चार ओळी लिहिल्या, कोणती लाइट म्हणजे काय आणि तेव्हा काय करायचं, आणि तो पुठ्ठा सनव्हायझरला अडकवला. ती गाडी परत फिल्टरसाठी माझ्याकडे आली नाही. तो पुठ्ठा आता मी झेरॉक्स करून प्रत्येक गाडीत लावतो. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात उपयोगी काम पान्याने झालं की त्या पुठ्ठ्याने, हे मला ठरवता येत नाही.

माझा तो पोऱ्या, सळई धरलेला, आज स्वतः मिस्त्री आहे. हिवाळ्यात त्याची छाती भरते. ती त्या भुकटीने की पंधरा वर्षं शेडमध्ये चालू इंजिनांच्या मागे उभं राहिल्याने, कोण सांगणार? डिझेलचा धूर माणसाला कर्करोग करतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2012 साली जाहीर केलं. तेव्हा आम्ही दोघं त्याच शेडमध्ये होतो, दारं ओढून घेतलेली, बाहेर पाऊस. आता एक्झॉस्टला नळी लावून धूर पत्र्याबाहेर सोडतो आणि खड्ड्यात उतरणाऱ्याला चांगला मास्क दिल्याशिवाय उतरू देत नाही. हे फार आधी करायला हवं होतं.

मागच्या दिवाळीत मी त्या डायऱ्या काढल्या आणि अकरा नंबर कागदावर उतरवले. पाच गाड्या विकल्या गेलेल्या, त्यांतल्या तीन मध्य प्रदेशात. दोन भंगारात. चार अजून चालत होत्या. चारही मालकांना फोन केले आणि म्हटलं, कॅट बसवून घ्या, मजुरी घेणार नाही. स्वस्तातले लोकल कॅटही मिळतात, बाहेरून हुबेहूब. पण त्यांच्यावर किमती धातूचा थर नावालाच असतो, थोड्या महिन्यांत निकामी. ते बसवायला मी तयार नव्हतो. दोघांनी फोन ठेवला. एक म्हणाला, बघू.

चौथा चांदवडचा. त्याला मी आधी टर्बोचं खरं सांगितलं. सील गळत होतं, मी ते पाहिलं नाही, जाळी फोडली, म्हणून तुझं इंजिन गेलं. पलीकडे इतका वेळ शांतता होती की फोन कटला असं वाटलं. मग तो म्हणाला, "हे तेव्हा सांगितलं असतं तर मी शिव्या दिल्या असत्या." मी म्हटलं, "आता द्या." त्याने दिल्या नाहीत. महिनाभराने गाडी आली. नवीन कॅटचे पैसे निम्मे त्याने घातले, निम्मे मी. जुना रिकामा डबा उतरवला तेव्हा वेल्डिंगवरचा माझाच काळा रंग पोपडे होऊन गळत होता.

डायरीत त्या दिवशी लिहिलं: कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, नवीन, बसवला. खाली बॅकप्रेशरचे आकडे लिहिले, आधीचे आणि नंतरचे. फरक अगदी थोडा होता.

चार दिवसांनी रात्री अकराच्या सुमारास ड्रायव्हरचा फोन आला. इगतपुरीला चहाला थांबला होता, भिवंडीचा माल भरून घाट चढून आलेला. मी विचारलं, "कशी ओढते?"

"तिसऱ्यात आली वरपर्यंत," तो म्हणाला. "पण मिस्त्री, आवाज कमी झालाय. काही बिघडलं तर नाही ना?"